सरूबाईंचं नाव

चर्चच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून ठेवलेली होती. पायरीवर सात-आठ बायका बसल्या होत्या, पुरुष लिंबाच्या सावलीत उभे होते. किल्ली सगळ्यांना दिसत होती, पण तिला हात कोणी लावत नव्हतं. मी मोटारसायकल लावली, हेल्मेट काढलं आणि घड्याळ बघितलं. उठल्यासुटल्या घड्याळ बघायची तेव्हा मला खोडच लागली होती.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एक्कावन्न वर्षांचा होतो आणि माझ्याकडे पाच गावांच्या मंडळ्या होत्या. ते काही एका पाळकाचं काम नव्हतं, पण पाळक मिळत नाहीत, आणि मिळतात त्यांना शहर हवं असतं. रविवारी सकाळी आठला भानसखेडे, साडेदहाला दुसरं गाव, दुपारी तिसरं, आणि उरलेली दोन बुधवारी आणि शनिवारी. मधल्या दिवसांत लग्नं, बाप्तिस्मे, मातीला जाणं आणि कमिट्या. प्रवचन एकच असायचं आणि ते पाच गावं फिरायचं. पाचव्या गावाला पोचेपर्यंत त्याचा भुगा झालेला असायचा. लोक तरी म्हणायचे, फार छान झालं. त्यांचंही बरोबरच होतं, त्यांना दुसरं काही मिळतच नव्हतं.

भानसखेड्याची मंडळी चौदा घरांची. ती चालायची शलमोनदादा त्रिभुवन यांच्या जोरावर. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सत्तरीला आलेले, उंच आणि कमी बोलणारे. मंडळीचे ते वडील, म्हणजे पंच म्हणा. मी पोचायच्या आधी ते दार उघडून, झाडून, सतरंज्या अंथरून दारात उभे असायचे. मला बघितलं की उजवा हात कपाळाला लावून म्हणायचे, "सलाम, सायेब." नऊ वर्षांत एकदाही दार बंद दिसलं नव्हतं.

"दादा आजारी आहेत का?" मी विचारलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मार्थाबाई उठून माझ्याजवळ आल्या. त्या अंगणवाडीत होत्या, मंडळीत गाणी त्याच उचलायच्या आणि सांगायचं अवघड असलेलं त्यांच्याच वाट्याला यायचं. त्यांनी मला लिंबापासून थोडं लांब, गाडीपाशी नेलं.

"आजारी न्हाईत. घरी हायेत. किल्ली सकाळी बांधून गेले, कोणाशी बोलले न्हाईत." मग म्हणाल्या, "सायेब, मागल्या रविवारी तुमी सरूबाईचं नाव घेतलं."

"कुठे?"

"यादीत. तिला लौकर बरं कर, आपल्या पायानं मंदिरात आन, आसं म्हणलात."

मंदिर म्हणजे आमचं चर्चच, आणि सरूबाई म्हणजे शलमोनदादांच्या पत्नी. त्या रविवारच्या आदल्याच मंगळवारी त्या वारल्या होत्या, म्हणजे मी त्यांच्यासाठी आरोग्य मागितलं त्याच्या पाच दिवस आधी. आणि मला हे माहीत होतं.

आमच्याकडे उपासनेत अर्पण झालं की आजाऱ्यांची यादी घेतात. पाळक एकेक नाव घेतो, त्या माणसासाठी एक-दोन वाक्यं प्रार्थना करतो, मंडळी 'आमेन' म्हणते, मग पुढचं नाव. माझी एक वही होती आणि तीत प्रत्येक गावाचं एक पान. भानसखेड्याच्या पानावर सरूबाईंचं नाव अकरा रविवार होतं. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. त्या अकरा आठवड्यांत मी त्यांना भेटायला एकदा गेलो होतो, तेही चहा न घेता उठलो होतो.

मंगळवारी शलमोनदादांचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये होतो, गाडीची क्लच वायर तुटली होती. ते म्हणाले, सरू गेली, कालच दवाखान्यासाठी औरंगाबादला लेकीकडं आणली व्हती, इथंच माती देऊ म्हणतो. मी म्हणायचं ते म्हटलं. देवाची इच्छा म्हटलं, धीर धरा म्हटलं, फोनवरच प्रार्थना केली, मेकॅनिकनेही बिचाऱ्याने तेवढ्यापुरती हातोडी थांबवली. आलात की भेटायला येतो, असं सांगितलं. तिथल्या पाळकांनी माती दिली. गुरुवारी जायचं ठरवलं होतं, गुरुवारी दुसऱ्या गावात लग्नाची भांडणं निघाली. शुक्रवारी कमिटी. शनिवारी उपासना. रविवारी मी भानसखेड्याला वीस मिनिटं उशिरा पोचलो. शलमोनदादा दारात उभे होते. त्यांनी सलाम केला, मी सलाम केला आणि घड्याळ बघितलं.

मी विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मला कोणी अडवून विचारलं असतं की सरूबाई कशा आहेत, तर मी लगेच सांगितलं असतं की वारल्या हो. मला माहीत होतं, फक्त जे माहीत होतं ते आणि माझं तोंड यांची त्या दिवशी गाठच पडली नाही. डोळे मिटले, पान तोंडपाठ होतं, नावं आपोआप येत गेली आणि प्रत्येक नावापुढे ठरलेलं वाक्य. साडेनऊला उपासना संपवून मी गाडीला किक मारली.

"मग कोणी मला सांगितलं का नाही?" मी मार्थाबाईंना विचारलं. माझा आवाज चढला होता. चूक आपली असली की तो चढतोच.

"आमच्या ध्यानात यायला बी येळ लागला. तवर तुमी पुढल्या नावावर गेला व्हता." त्या खाली बघून बोलत होत्या. "आमाला वाटलं दादा उठून जातील. न्हाई गेले. मान खाली घालून बसून राह्यले. सतरंज्या बी त्यांनीच उचलल्या. हप्ताभर बाहेर दिसले न्हाईत, आन आज ही किल्ली."

मी स्वतःच सुतळी सोडली. गाठ पक्की होती, ती सुटायला वेळ लागला आणि सगळे बघत उभे राहिले.

त्या दिवशी मी उपासना कशीबशी पार पाडली. प्रवचन कशावर होतं आठवत नाही. यादीची वेळ आली तेव्हा वही उघडलीच नाही, सरळ आशीर्वाद दिला. मंडळीने निमूटपणे उठून सतरंज्या गुंडाळल्या. दादांइतक्या नीट त्या कोणाला गुंडाळता आल्या नाहीत.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला, म्हणजे प्रभुभोजनाचा होता. दादा आले नाहीत तर ते पुन्हा येणार नाहीत, हे मला कळत होतं. आणि ते आले नाहीत तर चौदा घरांतली चार-पाच तरी त्यांच्यामागे घरी बसतील आणि दार उघडायला कोणी उरणार नाही. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मंडळीची काळजी नव्हती. मला त्या माणसाच्या डोळ्यांची भीती वाटत होती. साडेदहाच्या गावाला मी फोन करून सांगितलं की मला जमणार नाही, तुमचं तुम्ही गाणी म्हणा. नऊ वर्षांत मी पहिल्यांदाच उपासना चुकवली.

ख्रिस्ती वस्ती चर्चच्या मागेच, चार मिनिटांवर. मी गाडी तिथेच ठेवून चालत गेलो आणि वाटेत काय बोलायचं ते जुळवत राहिलो. क्षमेवर मी आयुष्यात पन्नास-साठ प्रवचनं तरी दिली असतील. त्यातलं एक वाक्य कामाला येईना.

दादा ओसरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होते. चष्मा नाकावर घसरला होता आणि खडे सापडायचे तसे ते एका वाटीत टाकत होते. मला बघून उठायला लागले. मी बसा म्हणालो, तरी ते उठलेच. सलाम केला, आतून पाणी आणलं आणि म्हणाले की दूध नाही, कोरा चहा चालेल का. मी नको म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की मागच्या वेळीही मी नकोच म्हटलं होतं, आणि म्हटलं, करा.

चहा होईपर्यंत मी ओसरीवर एकटा बसलो. आत स्टोव्हचा आवाज येत होता. साखरेचा डबा कुठे असतो हे त्यांना अजून नीट ठाऊक नव्हतं, झाकणं उघडल्याचे आवाज येत होते.

ते कप घेऊन आले आणि समोर बसले. मी कप खाली ठेवला.

"दादा, मी माफी मागायला आलोय," मी म्हटलं. "मागच्या रविवारी माझ्याकडून फार मोठं चुकलं. तुम्ही मला फोन केला होता. मला माहीत होतं. तरी मी त्यांचं नाव..."

"चहा घ्या, गार व्हईल," ते म्हणाले.

मी एक घोट घेतला. साखर दुप्पट पडली होती.

"तुमी आलात ते बरं झालं. म्याच येणार व्हतो तुमच्याकडं," ते म्हणाले. "मला शिस्तीत घ्या, सायेब. ठराव करा आन मला बाजूला ठेवा."

मला आधी कळलंच नाही. आमच्या मंडळीत कोणाचं काही उघड चुकलं तर त्याला काही महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवतात. भाकर आणि प्याला त्याच्यापुढून तसाच पुढे जातो. त्याला शिस्त म्हणतात. छोट्या गावात ती फार लागते, कारण सगळे बघतात. आदल्या वर्षी आमोस नावाच्या माणसाला दारूपायी तीन महिने असं ठेवलं होतं आणि तो ठराव शलमोनदादांनीच मांडला होता.

"तुम्हाला कशासाठी?" मी म्हटलं. "ठेवायचं तर मला ठेवायला पाहिजे."

त्यांनी सूप बाजूला सरकवलं. हातांना काही काम राहिलं नाही तेव्हा ते गुडघ्यांवर ठेवले.

"सरू खाटंवर पडल्यापास्नं मंदिरात येत नव्हती," ते म्हणाले. "म्या घरी आलो की दारातच इचारायची, माझं नाव घेतलं का सायेबानं? म्या म्हणायचो, घेतलं. मंग तिला बरं वाटायचं. त्या दिशी जरा भाकर बी खायची. अकरा रविवार आसं चाललं."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी सुपातल्या तांदळाकडे बघत होतो.

"मागल्या रविवारी म्या सतरंज्या उचलल्या, कुलूप लावलं, घरी आलो. आन दारातनं म्हणलो, घेतलं गं तुझं नाव." त्यांनी आतल्या भिंतीकडे बोट केलं. "मला सोडायला आलेल्या लेकीनं खाट भिंतीला उभी करून ठेवल्याली. ती दिसली, तवा मला कळलं काय झालं ते. मंदिरात बसलो व्हतो तवा न्हाई कळलं. तुमी तिचं नाव घेतलं, ती बरी व्हवी म्हणलात, आन म्या आमेन म्हणलो. मोठ्यांदा म्हणलो. रोजच्यासारखा."

मी काहीतरी पुटपुटलो. दुःखात माणसाचं भान राहत नाही, असलं काहीतरी असावं. त्यांनी हाताने ते थांबवलं.

"दुःखाचं निमित्त सांगू नका. म्या काही रडत बसलो नव्हतो तिथं. म्या झोपलो व्हतो, डोळे मिटून, हात जोडून, समद्यांच्या पुढं. मंग मागचे अकरा रविवार बी तसेच गेले आसतील का न्हाई? ती खाटंवर पडून आशा लावून बसायची आन म्या तिथं झोपेत आमेन म्हणून यायचो." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. ज्या डोळ्यांना मी भीत होतो त्यांत राग अजिबात नव्हता, आणि त्यामुळे मला जास्तच वाईट वाटलं. "तुमचं मला काय वाटत न्हाई, सायेब. तुमाला पाच गावं हायेत. मला एकच बायको व्हती."

मी रडलो. पाळकाने लोकांच्या ओसरीवर रडायचं नसतं, रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवायचा असतो, पण माझा बांध फुटला तो फुटलाच. किती थकलो होतो तेही मला तेव्हाच कळलं. शलमोनदादा उठले नाहीत, जवळ आले नाहीत. रुमाल तेवढा पुढे केला आणि माझं होईपर्यंत खडे निवडत राहिले.

मग मी त्यांना विचारलं, सरूबाई कशा गेल्या. खरं तर हे फोनवरच विचारायचं होतं. त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांनी कुठे घाई केली नाही आणि मीही केली नाही. शेवटच्या दिवशी त्यांना ताक हवं होतं, डॉक्टरांनी मना केलं होतं, लेकीने तरी चमचाभर दिलं. लग्नात त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि सासरी आल्या तेव्हा त्यांना एकच गाणं येत होतं. त्यांना कुत्र्यांची भीती वाटायची. ज्या बाईसाठी मी अकरा वेळा देवाशी बोललो होतो, तिच्याबद्दल यातलं मला काहीही माहीत नव्हतं. दुपार झाली. तिसऱ्या गावालाही मी फोन केला.

निघताना त्यांनी पुन्हा शिस्तीचं काढलं. आमोसला बाहेर ठेवलं आणि आपण आत बसलो तर ती भाकर आपल्याला गिळवणार नाही, असं त्यांचं म्हणणं. "दारू पिणाऱ्याला निदान ठाऊक तरी आसतं का आपुन प्यालोय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "ठराव केला तर दोघांच्या नावाने करावा लागेल. मग भाकर कोण मोडणार आणि दार कोण उघडणार?"

यावर त्यांनी बराच विचार केला. ते विनोद करणाऱ्यांतले नव्हते आणि मीही केला नव्हता.

"म्या बत्तीस वर्सं कारखान्याच्या गेटावर राखण केली," ते शेवटी म्हणाले. "एकटा राखणदार झोपतोच, सायेब, कितीबी इमानी आसू द्या. म्हणून दोघं लावत्यात. आमी एकमेकाकडं तोंड करून बसायचो. ह्याचा डोळा लागला की त्यानं हटकायचं, त्याचा लागला की ह्यानं. तसं करू. यादी घेताना तुमी माझ्याकडं बघा, म्या तुमच्याकडं बघतो."

"डोळे उघडे ठेवून?"

"मिटून कसं दिसंल?"

पहिल्या रविवारी दार उघडं होतं. दादा दारात होते. उपासनेच्या सुरुवातीला मी मंडळीपुढे माझी चूक सांगितली, फाटे न फोडता सांगितली. माझं झाल्यावर दादा उठले आणि त्यांनी स्वतःचं सांगितलं, चार वाक्यांत. आम्हाला बाजूला ठेवायचं असेल तर तसं बोला, असं ते म्हणाले. मग मागून आमोस म्हणाला, "मंग आमचं बी लिहा. आमी समदेच म्हणलो व्हतो." बायकांनी पदर तोंडाला लावले. भाकर मोडली आणि ती आमोसपर्यंत आणि दादांपर्यंत गेली.

यादी आली. मी डोळे उघडे ठेवून पहिलं नाव घेतलं. समोर दादा माझ्याकडे बघत होते. मला फार अवघड गेलं. बघणारा माणूस समोर असला की ठरलेलं वाक्य तोंडातून बाहेर पडत नाही. एका नावाला मी सवयीने 'लवकर बरं कर' म्हणून गेलो, तर त्यांच्या भुवया वर गेल्या, कारण त्या म्हाताऱ्याला बरं व्हायचं नव्हतं, त्याला फक्त मुलगा भेटायला हवा होता आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी थांबलो आणि मुलासाठी प्रार्थना केली. नऊ नावांना पाच मिनिटं लागायची, त्या दिवशी पाऊण तास लागला. साडेदहाच्या गावाला मी बाराला पोचलो.

ही सवय मी पुढे पाचही गावांत नेली. प्रत्येक गावात एकेक माणूस समोर बसवला. काम कमी झालं नाही, उलट वाढलं. थकवा होता तसाच राहिला, कोणी म्हणेल की प्रार्थनेने बळ आलं वगैरे, तर मला तसं काही आलं नाही. शलमोनदादा आणखी सहा वर्षं दारात उभे राहिले आणि सहा वर्षं त्यांनी मला सोडलं नाही. त्यांची माती मी स्वतः दिली.

मधे एका गावातून माझ्याविरुद्ध वर तक्रार गेली. पाळक डोळे उघडे ठेवून प्रार्थना करतात, लोकांकडे टक लावून बघतात, उपासनेचं गांभीर्य राहत नाही, असं लिहिलं होतं आणि खाली अकरा जणांच्या सह्या होत्या. मला बोलावून घेतलं. वरिष्ठ भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, तक्रार वाचून दाखवली आणि समजुतीच्या सुरात विचारलं, की एवढी एक साधी गोष्ट आहे, डोळे मिटायला काय हरकत आहे?

मी म्हटलं, "मिटले की झोप लागते, साहेब."

ते खूप हसले.